मुंबईतली अलीकडची मृत्युनोंद कशी शोधावी: बायोआत्यांच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची बहीण, जिला घरात सगळे बायोआत्या म्हणत, लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत गेली आणि 'ऐंशी सालच्या आसपास' वारली. तिच्या वरच्या दोन पिढ्या तुम्हाला रत्नागिरीकडच्या कागदांत सापडल्या, कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरातल्या, नोंदीसुद्धा मिळाल्या, पण जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा हा एक मृत्यू सापडत नाही. पितृपक्षात तिचे पान नवमीला वाढतात, म्हणून तुम्ही 1979 ते 1984 मधल्या सगळ्या नवम्यांच्या तारखा काढल्या, वॉर्ड ऑफिसात दिल्या, आणि 'नोंद आढळत नाही' असे उत्तर घेऊन परत आलात.

मी बावीस वर्षे लोकांच्या वंशावळी जुळवून देते आहे, आणि या प्रश्नाची माणसे मला सर्वांत जास्त भेटतात. जुने सापडते, अलीकडचे सापडत नाही. तेव्हा आधी धीर देते: नोंद बहुधा आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू आहे, आणि मुंबईत मृतांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत त्याच्याही कितीतरी आधीची आहे. इथे डॉक्टरच्या दाखल्याशिवाय स्मशानात पुढचे काम होत नाही, आणि रुग्णालयात गेलेल्या माणसाची खबर रुग्णालयच देते. 1980 च्या सुमारास मुंबईत वारलेल्या बाईची नोंदच झाली नाही, असे क्वचित घडते. ती चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या वॉर्डात शोधली गेली, असे मात्र नेहमी घडते. तुमच्या बाबतीत मला दोन्ही झालेले दिसते.

नवमीपासून सुरुवात करू, कारण तिथेच तुमचे बरेच कष्ट वाया गेले आहेत. पितृपक्षातली नवमी ही अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेलेल्या बाईचे श्राद्ध या दिवशी करतात, मग तिची मृत्यूची तिथी कोणतीही असो. म्हणजे बायोआत्या नवमीला गेल्या असे त्या पानावरून ठरत नाही. ठरते ते एवढेच, की त्या गेल्या तेव्हा त्यांचे यजमान हयात होते. पण हे 'एवढेच' फार मोलाचे आहे. यजमान कधी गेले ते शोधा. ती तारीख ही तुमच्या शोधाची वरची हद्द. नवरा जर 1981 मध्ये गेला असेल, तर 1982, 83, 84 ही तीन वर्षे तुम्ही उगाच चाळलीत.

हे फक्त नवमीचे नाही. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचे सर्वपित्रीला करतात. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांचे चतुर्दशीला करतात. त्यामुळे एखाद्या घरात आजोबांचे 'चतुर्दशीला असते' असे ऐकले की मी आधी विचारते, कसे गेले? आणि खरोखर मृत्युतिथीवर महालय, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध, होत असला, तरी पितृपक्षातली सप्तमी म्हणजे वर्षातली कोणतीही सप्तमी, शुद्ध किंवा वद्य. वर्षाला चोवीस तारखा निघतात. म्हणून महालयाची तिथी विचारू नका, वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला करत होते ते विचारा. त्यात महिना आणि पक्ष दोन्ही येतात. मग जुने पंचांग उघडले की वर्षाला एकच तारीख उरते, अधिक महिन्याचे वर्ष असेल तर तेवढे बघून घ्यायचे. एक सवय मात्र ठेवा: काढलेल्या तारखेच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवसाचीही नोंद तपासायची. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, सरकारी तारीख मध्यरात्री बदलते. 'मंगळवारी रात्री गेली' असे घर म्हणते, आणि रजिस्टरात पहाटे दोनची वेळ लागून बुधवार असतो.

साल कसे काढायचे? म्हाताऱ्या माणसांना साल विचारलेत तर ती काहीतरी सांगून मोकळी होतात, आणि मग तो आकडा वंशावळीत पक्का होऊन बसतो. त्यांना साल विचारूच नका, सुतक विचारा. कोणत्या वर्षी घरात गणपती आणला नाही? कोणत्या दिवाळीला फराळ केला नाही, शेजाऱ्यांनी आणून दिला? कोणाचे लग्न वर्षाच्या आत उरकून घेतले? हे बायकांना विलक्षण नेमके आठवते. लग्न झालेल्या बहिणीचे सुतक माहेरी फार दिवस धरत नाहीत, म्हणून हे प्रश्न तुमच्या घरी विचारून उपयोग नाही, तिच्या सासरी विचारा. मुंबईत आणखी काही खुणा आहेत. गिरणगावातली माणसे अजून 'संपाच्या आधी की नंतर' असे बोलतात, आणि गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. इंदिरा गांधी गेल्या त्या वेळी, म्हणजे ऑक्टोबर 1984 अखेर, आत्या होती का? 1983 चा विश्वचषक तिने चाळीतल्या कोणाच्या टीव्हीवर पाहिला का? असे दोन-तीन प्रश्न झाले की सहा वर्षांचा पट्टा दीड-दोन वर्षांवर येतो.

घरात कागद का नसतो, याचेही कारण आहे. मृत्यूची बातमी आणणारे पत्र घरात ठेवायचे नाही, वाचून फाडून टाकायचे, ही आपली रीत. जन्माच्या, मुंजीच्या, लग्नाच्या पत्रिका पेटीत सापडतात, या बातमीचे पोस्टकार्ड सापडत नाही. तरीही काही जागा मी न चुकता बघते. जुन्या रेशनकार्डाच्या आतल्या पानावर नाव कमी केल्याची नोंद, तारीख आणि शिक्का असतो. विमा पॉलिसीच्या लिफाफ्यात दाव्यासाठी दिलेल्या दाखल्याची नक्कल राहून गेलेली असते. भाडेपावती कोणत्या महिन्यापासून दुसऱ्याच्या नावाने फाटायला लागली ते बघायचे, मात्र चाळमालक पावतीवरचे नाव बदलायला वर्षेही लावतो, हे धरून.

आणि भिंतीवरचा फोटो. लालबागला एका खोलीत आम्ही आजोबांची तारीख शोधत होतो. मुलगा म्हणाला, कागद काहीच नाहीत, सगळे पावसात गेले. चंदनाचा हार घातलेली फ्रेम भिंतीवर होती. ती उतरवून पालथी केली, मागचे चार बारीक खिळे पकडीने काढले, पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याच्या आणि फोटोच्या मध्ये चौघडी घातलेली स्मशानातली पावती होती, घडीवर पिवळी पडलेली, पण शाई जशीच्या तशी. नाव, वय, पत्ता, वेळ आणि आणणाऱ्याचे नाव. तो आणणारा नातेवाईक नव्हता, शेजारच्या खोलीतला तरुण होता, तेव्हा वीस-बावीस वर्षांचा. तो नालासोपाऱ्याला सापडला. त्या रात्री टॅक्सी मिळाली नव्हती हेही त्याला आठवत होते, आणि कोणत्या रुग्णालयातून आणले तेही. फ्रेमच्या मागे काहीतरी सापडण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. घरातल्या बाईला देव्हाऱ्याजवळ तो कागद ठेवायचा नसतो आणि टाकवतही नाही. मग तो त्या माणसाच्याच पाठीशी जातो.

आता दुसरी चूक, जागेची. कायद्याने मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस कुठे राहत होता, रेशनकार्ड कुठले होते, अग्नी कुठे दिला, याचा तिच्याशी संबंध नाही. तुम्ही गिरगावच्या, म्हणजे महापालिकेच्या डी वॉर्डात अर्ज केलात, कारण घरचे म्हणतात 'आत्या गिरगावात गेली'. घरच्यांच्या तोंडी 'गिरगावात गेली' याचा अर्थ गिरगावात राहत असताना गेली, असा असतो. माझ्या स्वतःच्या आजोबांपायी मी हे शिकले. 'दादरला गेले' एवढ्यावर विसंबून मी जी नॉर्थ वॉर्डात तीन वर्षे हेलपाटे घातले. ते गेले होते परळच्या केईएम रुग्णालयात, आणि नोंद तिथल्या एफ साउथ वॉर्डात होती, पहिल्याच अर्जात निघाली.

तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे: आत्याच्या सुनेला आठवते, शेवटचा महिनाभर डबा परळला जायचा. त्या वाक्यावर मी थांबले. महिनाभर डबा म्हणजे रुग्णालय. परळला केईएम आहे, टाटा मेमोरियल आहे, कामगार विमा योजनेचे महात्मा गांधी रुग्णालय आहे, आणि ही तिन्ही एफ साउथ वॉर्डात येतात. आत्याला परळहून गिरगावात आणले असेल, चाळीतल्यांनी दर्शन घेतले असेल, चंदनवाडीला अग्नी दिला असेल, आणि चाळीस वर्षांनी घराच्या आठवणीत फक्त गिरगाव आणि चंदनवाडी उरले असेल. डब्याची आठवण तेवढी त्या सुनेच्या पायांनी जपली, कारण डबा तीच नेत असणार.

याच हिशेबाने जेजे आणि नायर म्हटले की ई वॉर्ड, सायनचे टिळक रुग्णालय म्हटले की एफ नॉर्थ, कूपर म्हटले की के वेस्ट, राजावाडी म्हटले की एन. आणि म्हातारपणी माणसे मुलीकडे किंवा धाकट्या मुलाकडे जातात हे विसरू नका. ठाण्याची महानगरपालिका 1982 ची, कल्याण-डोंबिवलीची 1983 ची. त्याआधीच्या तिथल्या नोंदी नगरपालिकेच्या रजिस्टरांत आहेत, आणि ती रजिस्टरे पुढे महानगरपालिकेकडे आली. उपनगरात तर आणखी मागे जायचे झाल्यास हेही लक्षात ठेवा, की बृहन्मुंबईची हद्द 1950 मध्ये जवळच्या उपनगरांपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. बोरिवलीतला 1955 चा मृत्यू मुंबईच्या रजिस्टरात शोधणारे लोक मी पाहिले आहेत.

निवृत्तीनंतर गावी जाऊन तिथे गेलेल्या चाकरमान्यांची नोंद ग्रामपंचायतीत. तिथे ग्रामसेवकाशी नीट बोललात तर तो रजिस्टर काढून बसतो, हा माझा अनुभव आहे.

वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर जाण्याआधी काय माहीत असावे ते सांगते. कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कोणालाही नोंदीचा शोध मागता येतो आणि दाखलाही मागता येतो. व्यवहारात नाते विचारतात, ओळखपत्र मागतात. नात्याचा एखादा कागद जवळ ठेवा आणि वाद न घालता द्या. शोधाचे शुल्क वर्षावर असते, म्हणून वर्षे कमी करून जाण्यात पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात, आणि रजिस्टर उलटणाऱ्या माणसाचा उत्साहही टिकतो. मृत्यूचे कारण दाखल्यावर मिळणार नाही. कायद्यानेच ते देऊ नये असे म्हटले आहे. घराण्यातला आजार शोधणाऱ्यांना याचे वाईट वाटते, पण तो मार्ग वेगळा आहे.

डिसेंबरात गेलेल्या माणसाची नोंद जानेवारीत होऊ शकते, कारण खबर द्यायला काही दिवसांची मुदत असते, आणि नोंदणी क्रमांक नोंद केल्या वर्षाचा पडतो. 1980 च्या अखेरीचा मृत्यू शोधताना 1981 च्या रजिस्टराची पहिली पाने मागा. उशिरा केलेली नोंद तर काही वर्षांनीसुद्धा असू शकते. 'नोंद आढळत नाही' हे उत्तर तोंडी घेऊन येऊ नका, लेखी मागा, आणि त्यावर कोणती वर्षे पाहिली ते वाचा. तो कागद त्या एका कार्यालयाच्या तेवढ्या वर्षांपुरता बोलतो. संगणकावर नाव आले नाही याचाही अर्थ मर्यादितच आहे. जुन्या वर्षांसाठी मूळ रजिस्टर बघायची विनंती वेगळी करावी लागते.

आणि नाव. तुम्ही अर्जात कोणते नाव लिहिलेत? बायोआत्या हे लाडाचे, माहेरच्या जन्मनोंदीत दुसरे, आणि त्या पिढीत लग्नात नाव बदलत, म्हणजे सासरचे तिसरे. मृत्युनोंदीत हे तिसरेच असणार, पुढे नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. लग्नपत्रिका किंवा मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचे आईचे नाव बघा. नोंदीतले नाव रोमन लिपीत असले तर आणखी घोळ: 'लक्ष्मी' कोणी एक्स घालून लिहितो, कोणी के-एस-एच घालून, आणि पुढे 'बाई' कधी जोडून, कधी तोडून. माझ्या एका शोधात आडनावातला 'वि' टंकताना 'नि' झाला होता, आणि दोन वर्षे आम्ही त्या पानावरून पुढे जात होतो. म्हणून नावाने नाही मिळाले तर तारखेने बघू द्या अशी विनंती करा. एका दिवसाच्या नोंदी वाचायला फार वेळ लागत नाही, आणि नवऱ्याचे नाव आणि गिरगावचा पत्ता डोळ्यांत भरतो. सापडलेल्या नोंदीत वय चुकले असेल तर ते तसेच उतरवून घ्या. वंशावळीसाठी मूळ नोंद दुरुस्त करायला जाऊ नये. आपल्या टिपणात दोन्ही आकडे ठेवावेत.

एवढ्यानेही अडले तर तुमच्याजवळ दोन दारे अशी आहेत जी मला फार भरवशाची वाटतात. पहिले रत्नागिरीचे. तुमचे पणजोबा गेले तेव्हा जमिनीवर वारस लागले असतील, आणि 1956 नंतर गेले असतील तर मुलींची नावेही आली असतील, बहुतेक वेळा सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात. तसे असेल तर आत्या गेल्यावर तिच्या वारसांचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदांत नाव बदलल्याची नोंद, केव्हातरी झाला असेल, आणि अशा फेरफारात 'अमुक तारखेस मयत' असे लिहिलेले असते. तलाठ्याकडे सहा क हे वारसांचे रजिस्टरही असते. हक्कसोड झाली असेल, म्हणजे आत्याने आपला हिस्सा आधीच सोडून दिला असेल, तर मात्र हा धागा तिथेच तुटतो. दुसरे दार नाशिकचे. अस्थी रामकुंडावर नेल्या असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत ती भेट असण्याचा संभव आहे: कोण आले, कोणासाठी आले, दिवस आणि मागच्या पिढ्यांची नावे. या वह्या गाव आणि घराणे यांवर लावलेल्या असतात, म्हणून सासरचे मूळ गाव आणि आडनाव घेऊन जा, माहेरचे नव्हे. तिथली तारीख मृत्यूनंतर काही दिवसांची असेल, पण महिना आणि साल पक्के होते.

वर्तमानपत्रांकडे लोक आधी धावतात, मी शेवटी जाते. निधनवार्ता सगळ्यांच्या येत नसत, आणि महिना हाती नसताना दैनिकाच्या फायली चाळणे म्हणजे डोळ्यांचा जाच. महिना कळल्यावर मात्र जरूर बघा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारणा करा. घर, दागिने किंवा जमीन यांचा प्रश्न असेल तर प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध केल्याची, कागदपत्रे उच्च न्यायालयात सापडतात आणि त्यांत मृत्यूची तारीख, राहते घर व वारसांची यादी असते, पण चाळीत राहणाऱ्या गृहिणीच्या बाबतीत त्याची फारशी आशा नको.

एक विनंती मनापासून करते. हा मृत्यू तुम्हाला वंशावळीतली एक रिकामी चौकट वाटत असेल, पण त्या घरात तो अजून ताजा असू शकतो. आत्याच्या सुनेने महिनाभर डबा वाहिला आहे. तिला फोनवर तारीख विचारू नका, जाऊन भेटा, आणि मिळालेला दाखला कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिच्या मुलांना विचारा. अशा भेटीत तारीख मिळतेच असे नाही. पण रुग्णालयाच्या कोणत्या वॉर्डात खाट होती, खिडकीतून काय दिसत होते, घरी आणायला कोण गेले होते, हे मिळते, आणि त्यातून रुग्णालय कळते.

तेव्हा आधी सुनेकडे जा. सासऱ्यांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची तारीख तिच्याकडून घ्या, फोटोची फ्रेम उघडायची परवानगी मागा, सासरचे नाव लिहून घ्या. मग एफ साउथला अर्ज करा, वरची हद्द यजमानांच्या तारखेची. यजमानांचे साल हाती आले की मला कळवा, कोणत्या दोन वर्षांपासून सुरुवात करायची ते आपण मिळून ठरवू.